बोजा उतरला, नोंद राहिली

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. शेतकऱ्याने सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज काढले की त्या रकान्यात बोजा चढतो. कोणाचा, किती रुपयांचा, कोणत्या फेरफाराने, हे सगळे तिथे लिहिलेले असते. कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरला असे मात्र नाही. दाखला आणावा लागतो, फेरफार करून घ्यावा लागतो, आणि तेवढे राहून गेले तर देणे फिटूनही उतारा जुनीच गोष्ट सांगत राहतो. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगायला नको. ख्रिस्ती माणसाच्या धर्मजीवनातली एक मोठी अडचण या रकान्याशी फार जुळते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या मराठी पाठात पापाला 'ऋण' म्हटले आहे. ते ऋण ख्रिस्ताने फेडले हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. तरीही रविवारच्या उपासनेला बसलेल्या कितीतरी जणांच्या मनात बोजा तसाच असतो. त्या बोज्याला देवाचा आवाज समजावे की खोटी नोंद समजावे, हा या लेखाचा विषय. हा प्रश्न केवळ पाळकांचा आणि धर्मपंडितांचा नाही, कारण या दोहोंत गल्लत झाली की माणूस एकतर निर्ढावतो किंवा खचतो.

मराठी ख्रिस्ती बोलण्यात यासाठी 'टोचणी', 'पापाची जाणीव', 'दोषी वाटणे' असे शब्द सरमिसळ वापरले जातात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या कामाबद्दल येशू जे बोलतो, तिथे प्रचलित मराठी बायबलने मात्र वेगळाच शब्द घेतला आहे: 'खातरी'. आत्मा जगाची पापाविषयी खातरी करणार आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ उघडकीस आणणे, पुराव्याने पटवून देणे असा आहे, त्यामुळे हा शब्द मला फार नेमका वाटतो. टोचणी कशानेही लागते, अगदी नुसत्या सवयीनेही. खातरी पटायला काहीतरी समोर असावे लागते. ती कचेरीतली आणि बाजारातली गोष्ट आहे: कागद दाखवा, माप दाखवा, मग खातरी पटेल. नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला तेव्हा तो 'तू वाईट माणूस आहेस' एवढेच सांगून परतला नाही. एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट त्याने सांगितली, राजाच्याच तोंडून निवाडा वदवून घेतला आणि मग दाविदाने ज्याचा घात केला त्या उरियाचे नाव काढले. कृत्य ठरलेले, ज्याच्यावर अन्याय झाला तोही ठरलेला. या उलट निराशेची फिर्याद कलमावाचून चालते. तिला विचारावे की नेमके काय केले, तर ती म्हणते, काय केले ते महत्त्वाचे नाही, तू आहेसच असा. रक्कम न लिहिलेला बोजा कोणतीही कचेरी मान्य करणार नाही, पण मन तो वर्षानुवर्षे मान्य करत राहते.

भंडाऱ्याच्या ख्रिस्ती इतिहासाकडे पाहिले तर या भेदाची शिकवण तिथे सुरुवातीपासूनच हाताशी होती असे दिसते. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आला आणि त्याच्यामागून स्कॉटिश मिशनचे काम वैनगंगेच्या काठी भंडाऱ्यापर्यंत पोहोचले. तिथे मिशनचा दवाखाना उभा राहिला, मुलांच्या शिक्षणाचे काम चालले. स्कॉटलंडची ही प्रेस्बिटेरियन परंपरा कडक म्हणून ओळखली जाते, आणि ती कडक होतीही. पण तिची 1647 मधली छोटी प्रश्नोत्तरावली उघडून पश्चात्तापाची व्याख्या पाहिली तर आश्चर्य वाटते. पापाची खरी जाणीव हा त्या व्याख्येचा फक्त पहिला भाग आहे. त्याला लागूनच दुसरा भाग येतो, ख्रिस्तामधली देवाची दया दिसणे. दोन्ही मिळाल्यावर माणूस पापाचा वीट येऊन देवाकडे वळतो आणि नव्याने आज्ञापालनाचा निश्चय करतो. म्हणजे दया दिसलीच नाही आणि नुसते पापच दिसत राहिले, तर त्या कडक स्कॉटिश गुरुजींच्याही हिशेबात तो पश्चात्ताप अपुरा. पुढे बऱ्याच प्रचारकांनी ही व्याख्या अर्ध्यातच तोडली, हे मला त्या परंपरेचे दुर्दैव वाटते.

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी गाडी भंडारा रोड, म्हणजे वरठी, मग तुमसर, मग गोंदिया अशी जाते. 1890 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत याच मार्गावरच्या एका प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी वाचायला घेतले, डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, टिळकांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतीत आरंभी आहे ती ओढ, धास्ती नाही. समोर काहीतरी फार सुंदर दिसले आणि त्याच्या उजेडात स्वतःचे जगणे उणे वाटले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या या कवीला दिवा आधी दिसला आणि घरातली धूळ मग. धूळ खरी होती, पण दिवा लागला म्हणून ती दिसली. अंधारात बसून आपण मळलो आहोत असे स्वतःला बजावत राहणाऱ्याला मळ नेमका कुठे आहे हे कधीच कळत नाही.

सगळ्यांचा मार्ग टिळकांसारखा नसतो. पंडिता रमाबाईंचा तर मुळीच नव्हता. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मधली सात-आठ वर्षे त्या काही स्वस्थ बसल्या नव्हत्या. अमेरिकेचा दौरा झाला, 1889 मध्ये शारदा सदन उघडले, विधवांसाठी एवढे काम उभे राहिले. तरी आत ओझे होते. आपल्यावर पापाची सत्ता आहे, देवासमोर उभे राहण्याची आपली तयारी नाही, ही जाणीव त्यांना पार हताश करून गेली होती. मग 1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य कित्येक वर्षे धर्मोपदेशक राहून मग खऱ्या अर्थाने विश्वासात आला होता. त्या वाचनातून रमाबाईंना जे उमगले ते साधे होते: आपण तारणाची अट पुरी करू शकत नाही, आणि ती पुरी करण्याची जबाबदारी आपली राहिलेलीही नाही. या हकिकतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे की हताशपणा आणि सुटका या दोन्ही अवस्थांत त्यांच्या पापाचा हिशेब तोच होता, त्यात एक पैही कमीजास्त झाली नव्हती. बदलले ते एवढेच की आधी त्या हिशेबाकडे एकट्या बघत होत्या आणि नंतर देणे फेडणाऱ्यासोबत बघू लागल्या. हताशपणात त्यांनी केलेले काम थोर होते यात शंका नाही. म्हणून कोणी म्हणेल, मग ओझे असले तर बिघडले काय, कामे तर होतात! होतात. पण त्या कामांच्या जोरावर बोजा उतरत नाही, आणि उतरत नाही म्हणून माणूस आणखी कामे अंगावर घेतो, हे चक्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे.

इथपर्यंत मी कलम आणि रक्कम यांवर भर दिला. आता त्याच्याविरुद्ध सगळ्यात जड आक्षेप येतो, आणि तो बायबलमधूनच येतो. यहूदा इस्कर्योताला आपले पाप मोघमपणे कळले नव्हते. निर्दोष माणसाला धरून दिले, हे त्याने स्पष्ट शब्दांत कबूल केले. चांदीची तीस नाणीही परत केली. कृत्य नेमके, कबुली नेमकी, भरपाईसुद्धा हातोहात. आणि तरी त्याचा शेवट निराशेत झाला. मग नेमकेपणाची ही कसोटी काय कामाची? माझे उत्तर असे की ही कसोटी लागते, पण एकटी पुरत नाही. यहूदा गेला कोणाकडे ते पाहावे. तो मुख्य याजकांकडे गेला, आणि ज्यांचा धंदाच पापनिवारणाचा होता त्यांनी त्याला सांगितले की त्याचे आम्हाला काय, तुझे तू बघ. पेत्रानेही त्याच रात्री गुरूला तीनदा नाकारले होते, तोही धाय मोकलून रडला. पण तो शिष्यांच्या घोळक्यात राहिला, आणि कबर उघडी आहे असे कळल्यावर धावत सुटला. पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन दुःखांची फोड करतो: एक देवाच्या इच्छेनुसार होणारे, जे तारणाकडे नेते, आणि एक जगाचे, जे मरणाकडे नेते. ती फोड दुःखाच्या तीव्रतेवरून केलेली नाही, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून केली आहे. म्हणून यहूदाची गोष्ट वाचताना त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी त्या याजकांकडे पाहायला हवे असे मला वाटते. दार बंद करणारे कोणी नसते तर काय झाले असते, हे शास्त्र सांगत नाही.

दुसरा आक्षेप निष्ठावंतांचा. असे समजावत बसलात तर लोक पाप हलके मानतील, कृपा स्वस्त होईल, 'सातबारा कोरा' म्हणून पुन्हा कर्ज काढायला मोकळे! ही भीती अगदीच खोटी नाही. पण तिच्यावर उतारा म्हणून अपराधाचे ओझे वाढवत नेणे चालत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. 1905 च्या जून महिन्याच्या अखेरीस केडगावच्या मुक्ती सदनात जे उज्जीवन झाले त्याच्या हकिकती प्रसिद्ध आहेत. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या होत्या (भंडारा तेव्हा त्याच प्रांताचा जिल्हा होता), 1900 च्या दुष्काळात आणखी पुष्कळ आल्या. त्या मुली प्रार्थनेत रडू लागल्या, आपापली पापे मोठ्याने कबूल करू लागल्या. बाहेरच्या काहींना हा भावनेचा अतिरेक वाटला, आणि रमाबाईंनी आपल्या मुलींच्या भावना व्यक्त करण्याच्या पद्धतीची बाजू घेतली. त्या अश्रूंवर मी कसलाच निष्कर्ष बांधत नाही, कारण अश्रू दोन्हीकडे असतात. पण अश्रूंनंतर आनंद आला, गाणी आली आणि मुलींचे गट खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाले, हे तपासता येण्यासारखे आहे. जक्कय जकातदाराचेही असेच. येशू त्याच्या घरी मुक्कामाला गेला आणि त्याने चौपट परत करण्याची भाषा केली. मुक्काम आधी, चौपट मग. ज्याला आधी स्वीकारले गेले त्याचीच थैली उघडते. घाबरलेला माणूस थैली लपवतो. मानसशास्त्रातही जून टँगनी यांच्यासारख्या संशोधकांनी याच्याशी मिळतीजुळती फोड केली आहे. 'मी वाईट केले' असे वाटणारा भरपाईकडे वळतो, 'मी वाईट आहे' असे वाटणारा तोंड लपवतो किंवा उलट दुसऱ्यावरच चिडतो.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाचा आक्षेप वेगळा असेल: हा सगळा खटाटोप मुळात माणसाला पापी ठरवल्यामुळेच करावा लागतो. स्वामी विवेकानंदांनी 1893 मध्ये शिकागोच्या परिषदेत नेमके यावरच बोट ठेवले होते. माणसाला पापी म्हणणे हेच त्यांना पाप वाटत होते. कोणाही माणसाला त्याच्या लायकीवरून मोडीत काढू नये, एवढा त्याचा अर्थ असेल तर मी त्यांच्याशी सहमत आहे. पण मराठी संतपरंपरेने हा प्रश्न इतक्या सहजासहजी निकालात काढलेला नाही. तुकारामांच्या अभंगांत आपल्या पतितपणाची कबुली जागोजाग आहे, आणि ती पंढरीच्या वाटेवरच आहे. रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध अशा चार पायऱ्या सांगितल्या. अनुतापाने पोळलेला, आपले अवगुण आपणच मोजणारा तो मुमुक्षु. तो दुसऱ्या पायरीवर आहे. बद्धाला काही टोचतच नाही, म्हणून तो पहिलीवर. पण मुमुक्षूने तिथेच बैठक मारावी असे समर्थ कुठे म्हणत नाहीत. त्याला साधक व्हायचे आहे. अनुताप हा उंबरठा आहे, तिथे कोणी बिछाना घालत नाही. भाषा वेगळी आणि श्रद्धेचा आधार वेगळा, हे मी विसरत नाही. पण कबुली म्हणजे मानहानी नव्हे, हे मराठी माणसाला मिशनऱ्यांनी येऊन शिकवावे लागले नव्हते.

आता सगळ्यात नाजूक भाग. काही वेळा बोजा ना कृत्याचा असतो ना शिकवणुकीचा. तो आजाराचा असतो. अवाजवी अपराधीपणा हे नैराश्य या आजाराचे एक मान्य लक्षण आहे. झोप जाते, भूक जाते, धान कापायच्या दिवसांतही हातपाय हलत नाहीत, आणि त्याच सुमारास आपण अक्षम्य पाप केले आहे अशी खातरी पटू लागते. इथे खातरी हा शब्दही दगा देतो. इंग्लिश कवी विल्यम कूपरने जॉन न्यूटनबरोबर लिहिलेली भक्तिगीते आजही गायली जातात. 1773 मध्ये त्याला जबर मानसिक आजार झाला, देवाने आपल्याला कायमचे टाकले असे त्याला वाटू लागले, आणि 1800 साली मरेपर्यंत हा समज त्याच्या मनातून गेला नाही. त्याची श्रद्धा खोटी होती असे कोणता शहाणा म्हणेल? इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये मानरेसा येथे असताना आधीच कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा उकरत बसे, आणि जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. पुढे त्याने जे नियम लिहिले त्यांतला एक फार उपयोगी आहे. जो पापातून पापात चालला आहे त्याला चांगला आत्मा टोचतो. पण जो मनापासून देवाकडे चालला आहे त्याला टोचणारा, उदास करणारा, वाटेत धोंडे टाकणारा आवाज बहुधा चांगला नसतो. म्हणजे टोचणी तीच, पण माणूस कोणीकडे चालला आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो. अमेरिकेत आजारी असलेल्या 55 वर्षांवरच्या सुमारे सहाशे जणांचा मागोवा घेऊन केनेथ पारगामेंट आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, देवाने आपल्याला सोडले असे मानणाऱ्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका जास्त आढळला. तेव्हा पाळकाकडे असा माणूस आला तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. जीव नकोसा वाटत असेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करणे ही विश्वासातली उणीव नव्हे, पाय मोडल्यावर प्लास्टर घालण्याइतकी ती साधी गोष्ट आहे. आणि ज्या विदर्भाने कर्जापायी गेलेली इतकी माणसे पाहिली, तिथे निराश माणसाला 'तुझा विश्वास कमी पडला' म्हणणे हा त्या याजकांचाच पाढा झाला.

भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती लोक फार थोडे. एवढ्या लहान मंडळीत सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि म्हणूनच इथे आणखी एक गफलत होते: चार माणसांत मान खाली जाईल ही भीती देवाच्या आवाजाचे कपडे घालून येते. मुलीने परजातीत लग्न केले, मुलगा दारूला लागला, कोणी वर्षभर प्रभुभोजनाला आले नाही, अशा वेळी आईबापांना पाप टोचते की लोकांचे डोळे, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. एक साधा प्रश्न विचारून पाहावा. ही गोष्ट कोणालाच कळणार नसती तरी टोचणी अशीच राहिली असती का? आणि लहान मंडळीचा एक फायदाही आहे, की तिथे दार ठोठावले तर आतून कोणीतरी उठतेच. योहानाने त्याच्या शुभवर्तमानात एक बारकावा ठेवला आहे. पेत्राने येशूला नाकारले तेव्हा वाड्याच्या अंगणात कोळशांचा विस्तव पेटवलेला होता आणि तो तिथे शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी सकाळी पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, शेजारी भाकर आहे. त्या रात्रीचा विषय येशू काढत नाही. प्रेम करतोस का, एवढेच तीनदा विचारतो, आणि दर वेळी मेंढरांचे काम सोपवतो. पण त्याआधी सगळ्यांना न्याहारीला बसवतो.